जांभळाचा रस निळा पडला, म्हणजे भेसळ?

जून उजाडला की नांदेड-लातूरच्या रस्त्यांवर जांभळाच्या पाट्या लागतात आणि माझ्याकडे तीच तक्रार येते. "सर, सरबताची बाटली विसळली तर पाणी निळं! रंग घातलाय त्यात." कुणी चिमूटभर खायचा सोडा टाकून 'चाचणी' करतं, रस हिरवट झाला की बाटली परत. घरी रस काढून विकणाऱ्या बाईला यात नाहक चोर ठरवलं जातं. म्हणून एकदा नीट सांगतो: रंग बदलणं हाच जांभळाच्या रंगाचा स्वभाव आहे.

चार जांभळं कोमट पाण्यात कुस्करा, गाळा, तीन वाट्यांत ओता. एका वाटीत लिंबू पिळा, रस लालभडक गुलाबी होईल. दुसरीत सोडा टाका, तो निळसर आणि मग हिरवट होईल. आता त्याच वाटीत लगेच लिंबू पिळा. फेस येईल आणि लाली परतेल. बाहेरून रंगाचा थेंबही घातलेला नाही. सालीतली अँथोसायनिन नावाची रंगद्रव्यं आम्लात तांबडी, अल्कलीत निळी-हिरवी दिसतात. रॉबर्ट बॉइलने व्हायोलेट फुलांच्या पाकावर हेच पाहून १६६४ साली छापलं होतं. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट भरपूर, ते किंचित अल्कलीच. बाटली विसळताना पाणी निळं होतं ते त्यामुळे.

हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो, हे इथे कुणाला सांगावं लागतं का? वसमतची हळद लाल झाली म्हणून कुणी नांदेडच्या नव्या मोंढ्यात जाऊन भांडत नाही. मग जांभळावरच संशय का? भेसळीच्या खऱ्या चाचण्या अर्धवट ऐकल्याने हा घोळ झाला असावा. हळदीतला मेटॅनिल यलो ओळखायला तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल घालतात. त्यात शुद्ध हळदही गुलाबी होते! पाणी घातल्यावर तो गुलाबी रंग गेला तर हळद, टिकला तर मेटॅनिल यलो. निर्णय टिकण्यावर होतो, बदलण्यावर नाही.

दुसरा हट्ट: "गाळला की शुद्ध रंग मिळाला." छे! गाळलेल्या रसात साखर, आम्लं, टॅनिन सगळंच असतं. प्रयोगशाळेत साली सायट्रिक आम्ल घातलेल्या अल्कोहोलमध्ये अंधारात भिजवतात. आम्लामुळे रंगद्रव्य टिकतं. मग गाळून, कमी दाबाखाली, बेताच्या उष्णतेवर अल्कोहोल उडवतात. उरतो तो चिकट पाक. तो रेझिन भरलेल्या उभ्या नळीत सोडतात. रंग रेझिनला धरून राहतो; आम्ल घातलेलं पाणी वरून सोडलं की साखर खाली वाहून जाते. शेवटी आम्लयुक्त अल्कोहोल घातलं की गडद तांबडा पट्टा हळूहळू खाली सरकत थेंब थेंब पडू लागतो. शुद्धीकरण म्हणतात ते याला.

बाकीचे समज थोडक्यात. जास्त उकळल्याने जास्त रंग मिळत नाही, उष्णतेने अँथोसायनिन मोडतं. शर्टावरचा डाग हट्टी असला तरी कापडाला हा रंग पक्का बसत नाही. तुरटी लावूनही उन्हात आणि धुण्यात तो फिका पडतो. औषधाच्या दुकानातलं स्पिरिट वापरून खायचा रंग काढू नका, ते पिण्यालायक नसतं आणि जिवावर बेतू शकतं. आणि जांभळाचा रस पितोय म्हणून मधुमेहाची गोळी कुणीही बंद करू नये.

संशय असेलच तर पांढऱ्या लोकरीचा धागा आम्ल घातलेल्या सरबतात उकळून पाण्याने धुवा. कृत्रिम आम्लरंग लोकरीला घट्ट धरतात, जांभळाचा बराचसा सुटतो. आणि सोडा घालूनही सरबत जसंच्या तसं लालभडक राहिलं, तर मात्र ती बाटली जरूर परत करा.