पडद्यावरची चिमणी

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)

मध्यंतरी एका शाळेत मुलांना कविता ऐकवायला गेलो होतो. दुसरीचा वर्ग. भिंतीवर भलामोठा टीव्ही. बाईंनी बालगीत लावलं आणि पोरांनी ते अशा ठेक्यात म्हटलं की, माझ्या कवितेची गरजच उरली नाही. तेवढ्यात वीज गेली. तेच गाणं पुस्तकात होतं. पुढच्या बाकावरच्या मुलीनं पुस्तक धरून ते घडाघडा म्हणून दाखवलं. मी सहज मधल्याच एका शब्दावर बोट ठेवलं, ‘बेटा, हे काय लिहिलंय?’ मुलगी गप्प. शब्द होता ‘चिमणी’.

तिला गाणं येत होतं, वाचन येत नव्हतं. आणि वर्गात हे कुणाच्या लक्षात आलेलं नव्हतं, कारण टीव्ही सगळ्यांना सोबत घेऊन गात होता.

आपण अभिमानानं म्हणतो, मराठी बोलतो तशी लिहितो. पण सहा-सात वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांनी हा शब्द पाहा. ‘चि’मध्ये डोळ्याला आधी वेलांटी दिसते, मग च. कानाला मात्र आधी च्, मग इ. त्याच शब्दातल्या ‘णी’ची वेलांटी पुन्हा मागून येते. ‘सूर्य’मधला र तर य-च्या डोक्यावरच चढून बसतो, आणि उच्चारायचा आधी! (उर्दू शिकताना माझी फजिती वेगळी होती. तिथं जेर-जबर बहुधा लिहीतच नाहीत. शब्द ओळखीचा असेल तरच तो वाचता येतो.)

इथं यंत्र खरोखर उपयोगी पडतं. अहमदाबादच्या आयआयएममधले ब्रिज कोठारी यांनी १९९६च्या सुमारास एक साधी कल्पना मांडली : गाण्याखाली त्याच भाषेतले शब्द दाखवायचे आणि गायला जाईल तसतसा त्यांचा रंग बदलायचा. २००२ साली दूरदर्शनच्या ‘चित्रहार’मध्ये हे सुरू झालं. कान आणि डोळा एकाच शब्दावर एकाच वेळी येतात, ही त्यातली मेख. वर्गातल्या गाण्यात नुसती नाचणारी चिमणी असेल आणि अक्षरं नसतील, तर तो सिनेमा झाला.

पुढची पायरी उलटी आहे. गूगलनं २०१९मध्ये ‘बोलो’ नावाचं अ‍ॅप आणलं. पुढच्या वर्षी ते ‘रीड अलाँग’ झालं, मराठी आणि उर्दूतही आलं. त्यात मूल वाचतं आणि यंत्र ऐकतं, अडलेला शब्द सांगतं. मला हे अधिक पटतं. चाळीस मुलांच्या वर्गात बाईंनी प्रत्येकाचं ऐकायचं कधी?

त्या बाईंना मी एवढंच सुचवलं : दोनदा गाणं झालं की तिसऱ्यांदा आवाज बंद करा, अक्षरं तेवढी राहू द्या. त्यांनी महिन्याभरानं फोनवर त्या मुलीचं वाचन ऐकवलं. ठेका पार मोडला होता. ‘च... चि... म...’ मग बराच वेळ काही नाही. मागून कुणीतरी सांगायला गेलं, तर तिनं त्याला दटावलं, ‘थांब ना, मी वाचतेय.’