गुणपत्रिका बोलत नाही, बोलावे तुम्हालाच लागते

निकालांचे दिवस आले की बेळगाव, खानापूर, निपाणी परिसरातील घराघरांत पेढे वाटले जातात. पदवी, पदविका, आयटीआय असे काही ना काही पदरात पडलेले असते. मग अर्ज करण्याचा हंगाम सुरू होतो, आणि चांगले गुण मिळविलेली अनेक मुले मुलाखतीहून हात हलवीत परत येतात. घरी कारणे सांगितली जातात ती ठरलेली: वशिला नव्हता, ओळख नव्हती, मराठी म्हणून डावलले. या कारणांत तथ्य नसतेच, असे आम्ही म्हणणार नाही. सीमाभागातील माणसाला अन्यायाचा अनुभव नवा नाही. परंतु या सर्वांखेरीज आणखी एक कारण असते व त्यावरचा इलाज मात्र आपल्याच हाती आहे, म्हणून त्याविषयी स्पष्ट बोलणे अगत्याचे वाटते.

हल्ली ज्याला 'सॉफ्ट स्किल्स' म्हणतात, त्यात आपली मुले कमी पडतात. हा शब्द ऐकला की टाय लावून इंग्रजीत फाडफाड बोलणारा तरुण डोळ्यांसमोर येतो. वस्तुतः या शब्दाचा उगम कोणत्याही कार्पोरेट कचेरीत झालेला नाही, तो सैन्याच्या छावणीत झाला. अमेरिकन लष्कराने १९६० च्या दशकाच्या अखेरीस प्रशिक्षणाचा विचार करताना यंत्रांशी संबंध असलेली कामे आणि माणसांशी व कागदांशी संबंध असलेली कामे अशी विभागणी केली. या दुसऱ्या प्रकारच्या कसबाला त्यांनी हे नाव दिले. माणसे सांभाळणे, हुकूम नीट समजावून देणे, अहवाल लिहिणे, हे ते कसब. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र ज्या गावात आहे, त्या बेळगावकरांना हे वेगळे समजावून सांगायला नको. आणि मराठी माणसाला तर ही कल्पनाही परकी नाही. समर्थ रामदासांनी दासबोधात चातुर्यलक्षणावर स्वतंत्र समास लिहिला, त्याला तीनशेहून अधिक वर्षे झाली.

भट्टीजवळचे बोलणे

हे कसब केवळ खुर्चीवर बसणाऱ्यांना लागते, हा आणखी एक गैरसमज आहे. उद्यमबागेतील एखाद्या फौंड्रीचे उदाहरण घ्या. साच्याच्या वाळूत ओलावा प्रमाणाबाहेर गेला की वितळलेला धातू ओतताच वाफ होते, वायू आत अडकतो आणि ओतीव भागाला पोकळ छिद्रे पडतात. रात्रपाळीतील नव्या मुलाच्या हाताला वाळू ओलसर लागली आहे, त्याला ते कळलेही आहे. पण सुपरवायझरला कसे सांगावे, तो रागावेल का, आपल्यालाच दोष देईल का, या विचारात तो गप्प राहतो. पाळी बदलताना पुढच्या माणसालाही 'सगळे ठीक आहे' असे सांगून घरी जातो. सकाळी नग तपासणीत नापास होतात. या मुलाला काम येत नव्हते काय? येत होते. त्याला सांगता येत नव्हते. वाईट बातमी वेळेवर, थोडक्यात आणि कोणावर ढकलून न देता सांगणे, हे या कसबातील पहिले कलम आहे. त्याला इंग्रजीचा एक शब्दही लागत नाही.

दुसरे कलम ऐकण्याचे. वरिष्ठाने चार गोष्टी सांगितल्या तर मान डोलावून निघून जाण्याऐवजी 'म्हणजे आधी हे, मग हे, असेच ना?' एवढे विचारून घेणारा नवशिका सहा महिन्यांत उपयोगी माणूस होतो. आपल्याकडे प्रश्न विचारणे म्हणजे उद्धटपणा, असे लहानपणापासून मनावर बिंबविले जाते. ते आता सोडले पाहिजे.

भाषेचा खरा प्रश्न

मुलाखतीत 'स्वतःविषयी सांगा' असे विचारले की आमचा उमेदवार पाठ केलेली इंग्रजी वाक्ये म्हणू लागतो. नाव, गाव, वडिलांचा व्यवसाय, आवडीनिवडी. मध्येच कोणी वेगळा प्रश्न केला की गाडी रुळावरून घसरते. याचे कारण इंग्रजी कच्चे, एवढेच नव्हे. तेच मराठीत विचारले तरी अनेकांना चार सुसंगत वाक्ये बोलता येत नाहीत. जो विचार मातृभाषेत मांडता येत नाही तो परभाषेत कोठून येणार? विहिरीत असेल तर पोहऱ्यात येईल. म्हणून आमचे म्हणणे असे, की आपण काय केले, कसे केले, त्यात अडचण कोणती आली, हे आधी स्वच्छ मराठीत सांगायला शिका. मग तेच साध्या, छोट्या वाक्यांच्या इंग्रजीत आणा. चुका होतील, होऊ द्या. बेळगावी हेल आहे म्हणून तर मुळीच लाजू नका. पु. ल. देशपांडे यांनी 'रावसाहेब' लिहून याच कानडी वळणाच्या मराठीवर सगळ्या महाराष्ट्राला प्रेम करायला लावले आहे.

आता एक गोष्ट काहींना रुचणार नाही, तरी लिहितो. कन्नड शिका. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासून आपला लढा चालू आहे, महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. हा लढा हक्काचा आहे आणि त्यातून कोणी माघार घ्यावी असे आम्ही कदापि सुचविणार नाही. परंतु लढा सक्तीशी आहे, एखाद्या भाषेशी नव्हे. बँकांच्या लिपिक पदांच्या भरतीत ज्या राज्यासाठी अर्ज करावा, तेथील भाषा यावी लागते. ज्याला मराठी आणि कन्नड दोन्ही लिहिता-वाचता येतात, त्याला कोल्हापूरचे दारही उघडे आणि धारवाडचेही. बैलहोंगलहून आलेल्या म्हातारीला तिच्या भाषेत पासबुक समजावून सांगणारा मराठी तरुण आपले मराठीपण गमावत नाही, तो मराठी माणसाचे नाव राखतो.

शाळा आपल्याच गल्लीत

या शिक्षणासाठी हजारो रुपये शुल्काचे वर्ग लावलेच पाहिजेत असे नाही. गल्लीतील गणेशोत्सव मंडळाकडे पाहा. व्यापाऱ्याकडून त्याच्या भाषेत गोड बोलून वर्गणी मिळविणे, पोलिसांची परवानगी काढणे, मंडपवाल्याशी दर ठरविणे, रुसलेल्या कार्यकर्त्याची समजूत घालणे आणि शेवटी सर्वांसमोर हिशेब मांडणे, ही सारी कामे विशीतली पोरे दरवर्षी करतात. तीच पोरे मुलाखतीत 'अनुभव काही नाही' असे सांगून मोकळी होतात! बचत गटाच्या बैठकीचे इतिवृत्त लिहिणारी मुलगीही स्वतःला बिनअनुभवी समजते. हा अनुभवच आहे. तो अर्जात लिहा, मुलाखतीत सांगा, खर्चाच्या आकड्यांसह सांगा.

मंडळे, वाचनालये आणि महाविद्यालये यांनाही आमची एक विनंती आहे. आपल्या वक्तृत्व स्पर्धा वर्षानुवर्षे पाठ केलेल्या, टाळ्याखाऊ भाषणांवर चालल्या आहेत. त्यांच्या जोडीला आठवड्यातून एक संध्याकाळ वेगळी ठेवा. दोन मिनिटांत आपले काम समजावून सांगणे, दुसऱ्याने सांगितलेले ऐकून जसेच्या तसे परत सांगणे, पाच ओळींचे पत्र लिहिणे, दूरध्वनीवर निरोप घेणे, एवढाच अभ्यास. मराठीतून सुरुवात, मग कन्नड, हिंदी, इंग्रजी. गावातील निवृत्त शिक्षक, बँक कर्मचारी, माजी सैनिक यांनी या कामी पुढे यावे. त्यांच्यापाशी वेळ आहे आणि अनुभवही आहे.

सीमाभागातील मूल दारात मराठी, बाजारात कन्नड, सिनेमात हिंदी आणि शाळेत इंग्रजी ऐकत वाढते. पुण्या-मुंबईच्या मुलाला सहसा न लाभणारे हे भांडवल आपल्याकडे सक्तीने आले असेल, पण आले आहे. ते गाठीला बांधून ठेवायचे की व्यवहारात आणायचे, हे या वर्षी पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या मुलामुलींनी आणि त्यांच्या आईवडिलांनी ठरवायचे आहे.