सातबाऱ्याचे रसग्रहण

गेली वीस वर्षे मी कॉलेजात मराठी शिकवितो. ओवीचा अन्वय लावणे, लावणीतला श्लेष उलगडून दाखविणे, हा माझा व्यवसाय. तेव्हा मराठीत लिहिलेले जे जे म्हणून आहे ते आपल्याला कळते, असा माझा समज होता. तो एका कागदाने पार उतरविला. त्या कागदाचे नाव सातबारा!

त्याचे असे झाले. आम्ही भाड्याच्या घरात राहतो. पुढल्या दिवाळीचा आकाशकंदील स्वतःच्या ओटीवर टांगायचा, असे आमच्या सौभाग्यवतींनी मनाशी धरले होते. गावाबाहेर दहा-बारा किलोमीटरवर, बिगरशेती झालेला पाच गुंठ्यांचा एक तुकडा विकाऊ असल्याचे कळले. पाच गुंठे म्हणजे ५४४५ चौरस फूट. समोर टेकडी, कडेला कडुनिंब. मी तिथेच विरघळलो. पंचवीस हजार रुपये विसार देऊन मोकळा झालो आणि मग उतारा घेऊन भाऊजींकडे गेलो. भाऊजी तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले.

"मास्तर, आधी विसार आणि मग उतारा? तुमच्या कॉलेजात आधी पदवी देऊन मग परीक्षा घेतात काय?"

मी गप्प. भाऊजींनी चष्मा पुसला आणि माझी शिकवणी सुरू झाली.

गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा मिळून सातबारा. सातात हक्क, बारात पीक. सातात मालकाच्या नावाआधी भोगवटादाराचा वर्ग पाहायचा. वर्ग एक असेल तर सामान्यतः विक्रीला मोकळीक. वर्ग दोन असेल तर सरकारची अट आहे, परवानगीवाचून व्यवहार नाही. मग 'इतर हक्क' हा रकाना. कुळाचे नाव, बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा, शेजाऱ्याची वाट, विहिरीतला हिस्सा, सारे तिथे सापडते. लोक मालकाचे नाव वाचतात आणि हा रकाना सोडून देतात. प्रस्तावना वाचून अभिप्राय देणाऱ्या समीक्षकांची मला आठवण झाली!

"पण नाव तर स्पष्ट आहे ना?" मी म्हणालो.

"नाव असले म्हणजे मालकी सिद्ध झाली असे नव्हे. १९६६ च्या जमीन महसूल कायद्याप्रमाणे ही नोंद उलट सिद्ध होईपर्यंतच खरी धरायची. नाव आले कुठून, ते फेरफार सांगतो. नमुना सहा."

उताऱ्यावर फेरफारांचे नंबर होते. भाऊजींनी एकेक काढायला लावले. जुन्या हस्तलिखित उताऱ्यात एक नाव कंसात होते. आम्ही व्याकरणवाले कंसाला स्पष्टीकरण समजतो. महसुलाच्या भाषेत कंस म्हणजे ते नाव कमी झाले! नाव विकणाऱ्याच्या बहिणीचे होते. वडील वारल्यावर वारसांत तिची नोंद झाली होती आणि पुढल्या फेरफाराने, साध्या कागदावरच्या अर्जावरून, ती कमी झाली होती.

"हक्कसोड अशी होत नाही," भाऊजी म्हणाले. "तिला नोंदणी झालेला दस्त लागतो. १९५६ च्या कायद्याने मुलगी बापाची वारस झाली. २००५ च्या दुरुस्तीने वडिलार्जित मिळकतीत मुलासारखी जन्मापासून हिस्सेदार झाली. त्यासाठी बाप २००५ साली हयात असायलाच हवा असे नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली सांगून टाकले. त्या बाईंना भेटा."

आम्ही उभयता गेलो. पत्र्याचे घर, दारात तुळस. बाई पन्नाशीच्या. चहा झाला. मी कागद पुढे केला.

"सही माझीच हाय," त्या म्हणाल्या. "दादा म्हनला, ट्रॅक्टरच्या कर्जाला लागती." मग थोड्या थांबून म्हणाल्या, "दर भाऊबीजेला येतो तो. औंदा ववाळताना त्याच्या तोंडाकडं कसं बगू?"

आमच्या सौभाग्यवतींनी माझ्याकडे पाहिले. परतताना बसमध्ये त्या एवढेच म्हणाल्या, "अहो, त्या जागेत आपला कंदील नको."

विसारातले निम्मे पैसे परत मिळाले. उरलेले माझी फी समजून सोडून दिले. ती फी वाचकांनी भरू नये, म्हणून भाऊजींचा उरलेला धडा येथे देतो.

दुय्यम निबंधकाच्या कचेरीत निदान तीस वर्षांचा शोध वकिलाकडून घ्यावा. गहाण आणि आधीची खरेदीखते तिथे सापडतात. जमिनीवर दावा चालू आहे का, हे दिवाणी न्यायालयात पाहावे. चालत्या दाव्यात घेतलेली जमीन निकालाला बांधलेली असते. वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यावी. बिगरशेतीचा आदेश आणि मंजूर रेखांकन मूळ पाहावे, आणि आपला रस्ता त्यात आहे की केवळ एजंटाच्या बोलण्यात आहे, याची खात्री करावी. मालकाकडून अर्ज करवून भूमी अभिलेख खात्याची सरकारी मोजणी घ्यावी. जागेवर कोणाची गुरे बांधलेली असली तर त्याला हटकू नये, प्रेमाने विचारावे. प्रत्यक्ष वहिवाट असलेल्याच्या हक्काची चौकशी केली नाही, तर 'मला माहीत नव्हते' ही सबब कायदा ऐकत नाही. शेतजमीन असेल तर आणखी दोन गोष्टी. १९४८ च्या कूळकायद्यामुळे शेतकरी नसलेल्याला ती कलेक्टरच्या परवानगीवाचून घेता येत नाही. आणि १९४७ चा तुकडेबंदीचा कायदा आहे. त्यात वेळोवेळी फेरबदल होत आले आहेत, म्हणून गुंठ्यांचा व्यवहार ठरविण्याआधी आजची स्थिती विचारून घ्यावी.

हे सारे झाल्यावर मग विसार. आधी नव्हे.

यंदाचाही कंदील भाड्याच्याच ओटीवर लागला आहे. तो लावताना सौभाग्यवतींनी मला खुर्ची धरायला सांगितली आणि म्हणाल्या, "उजेड तर तेवढाच पडतो की!" मी मान डोलावली. या वाक्याचे रसग्रहण करण्याची मला गरज वाटली नाही.