कॅन्सरचे उपचार घेणाऱ्या मित्राला भेटायला जाताय? पिशवीत काय घ्यावं, काय घरीच ठेवावं

कळंब (तालुका प्रतिनिधी) : गावात कुणाला कॅन्सर निघाला की आठ दिवसांत त्याच्या घरी बिस्किटाच्या पुड्यांचा आणि नारळांचा ढीग लागतो. आजाऱ्याकडं रिकाम्या हातानं जाऊ नये ही आपली रीत, आणि ती चांगलीच आहे. पण केमो सुरू असलेल्या माणसाला त्यातलं निम्मं खाता येत नाही, आणि ज्याची खरी गरज असते ते सहसा कुणी आणत नाही. आपल्या भागातून बार्शीला, सोलापूरला नाहीतर थेट मुंबईला परळच्या टाटा हॉस्पिटलला जाणारे रुग्ण कमी नाहीत, म्हणून हा विषय.

आधी केमो काय करते ते समजून घेऊ. ही औषधं झपाट्यानं वाढणाऱ्या पेशी मारतात. कॅन्सरच्या पेशी तशा असतातच, पण केसांच्या मुळातल्या, तोंडातल्या आणि रक्त तयार करणाऱ्या पेशीही तशाच वाढतात. तणनाशक मारताना पिकालाही थोडा चटका बसतो, तसलाच प्रकार. म्हणून केस गळतात, तोंड येतं आणि रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी कमी होतात. डोस घेतल्यावर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत या पेशी सगळ्यात खाली गेलेल्या असतात. त्या आठवड्यात घरात गर्दी करू नये. तुम्हाला सर्दी-खोकला असेल तर फोनवरच बोला, पेशंटला राग येणार नाही.

माझ्या मते पहिली भेट म्हणजे डिजिटल थर्मामीटर. मेडिकलमध्ये तो एका फळांच्या पिशवीएवढ्या पैशात येतो. केमोच्या पेशंटला ताप १००.४ फॅरनहाईट किंवा त्याच्या वर गेला तर रात्र असो की दिवस, लगेच हॉस्पिटलला कळवायचं असतं. तापाची गोळी देऊन सकाळची वाट बघत बसणं जिवावर बेतू शकतं. कपाळाला हात लावून हा आकडा कळत नाही, आणि आपल्याकडं किती घरांत थर्मामीटर सापडतो ते तुम्हीच बघा.

आता खाण्याचं. केमोत वास सहन होत नाही. एरवी ज्या मटणाच्या रश्श्यावर माणूस तुटून पडायचा, त्याच्या फोडणीच्या वासानंही मळमळतं. अगरबत्ती, अत्तर, ताजा वासाचा हार, हेही नको. काहींच्या तोंडाला लोखंडासारखी चव येते, त्यांना स्टीलऐवजी लाकडी किंवा प्लॅस्टिकचा चमचा बरा वाटतो. तोंड आलेलं असेल तर तिखट, आंबट, खारट, कडक असं काहीच जात नाही. फरसाण आणि चकलीचा वानोळा घेऊन गेलात तर तो पाहुण्यांच्याच पोटात जाणार. मऊ खिचडी, मुगाचं वरण, रव्याची खीर असलं काहीतरी घरून ताजं, झाकून, थोडंच न्यावं. मोठा डबा बघूनच त्याची भूक मरते. फळं न्यायची तर साल काढून खाता येणारी न्या: केळी, मोसंबी, डाळिंब. द्राक्षं नीट धुऊन निघत नाहीत. कापून ठेवलेली फळं, रस्त्यावरचा रस, कच्ची मोड आलेली कडधान्यं नकोत. साखरेचा आजार असेल तर गोडाआधी घरच्यांना विचारा.

आणि एक गोष्ट कृपा करून नेऊ नका, ती म्हणजे कुणीतरी सांगितलेली पाल्याची पुडी नाहीतर काढ्याची बाटली. देणाऱ्याची माया खरी असते. पण केमोचा भार आधीच लिव्हर आणि किडनीवर असतो, त्यात माहीत नसलेलं औषध गेलं तर डोस पुढं ढकलावा लागू शकतो. द्यायचंच असेल तर आधी त्याच्या डॉक्टरला दाखवू द्या.

कपड्यांत डोक्याला बांधायला मऊ सुती रुमाल किंवा टोपी द्या. बाईमाणसाला तर टक्कल फार जिव्हारी लागतं. स्तनाचं ऑपरेशन झालेल्या ताईला समोरून बटणं असलेला सैल गाऊन द्या, हात वर करून कपडा घालणं तिला जमत नाही. शेक म्हणजे रेडिएशन चालू असेल तर त्या जागी सैल सुती कपडाच बरा, वासाचं तेल-पावडर नको. तोंडाच्या आणि गळ्याच्या कॅन्सरमध्ये शेकानंतर लाळ आटते, त्यामुळं सतत घोट घोट प्यायला छोटी बाटली आणि मऊ ब्रश कामाला येतो. आणि त्याच्यासमोर तंबाखू मळू नका, हे सांगायची वेळ येऊ नये, पण येते.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेत उपचार बसले तरी प्रवास, मुक्काम आणि सोबतच्या माणसाचं जेवण खिशातूनच जातं. म्हणून पाकिटात पैसे द्यायला लाजू नका, आणि ते घर चालवणाऱ्याच्या हातात द्या. रिपोर्ट ठेवायला चेनची फाईल, आधार आणि रेशन कार्डाच्या झेरॉक्सचे चार-पाच संच, लांब वायरचा चार्जर, हे वॉर्डात सोन्यासारखं वाटतं. दादरला गाडगे महाराज धर्मशाळेत टाटाच्या रुग्णांची आणि नातेवाइकांची राहायची सोय होते, ही माहितीही त्यांच्या कानावर घाला. उपचाराला जाणाऱ्या कॅन्सर रुग्णाला रेल्वेत स्लीपर आणि थ्री-एसीला तिकीट पूर्ण माफ असतं, सोबतच्या एकाला ७५ टक्के सवलत मिळते. त्यासाठी हॉस्पिटलचा ठरलेल्या नमुन्यातला दाखला लागतो. स्टेशनवर जाऊन ते तिकीट काढून आणणं हीही भेटच.

रक्ताचंही बघा. उपचारात प्लेटलेट लागू शकतात आणि त्या पाच दिवसांपलीकडं साठवता येत नाहीत. ऐनवेळी दाता शोधताना घरच्यांची दमछाक होते. गावातल्या तयार पोरांची नावं, रक्तगट आणि फोन नंबर एका कागदावर लिहून दिले, तर घरचे फळांच्या करंडीपेक्षा तो कागद जपून ठेवतील.

पण शेतकऱ्याचा खरा घोर वेगळाच असतो. तो वॉर्डात पडलेला असतो आणि डोक्यात सोयाबीन चालू असतं. गडी मिळाला का, म्हैस कोण पिळतंय, गव्हाला पाणी बसलं का. ई-पीक पाहणीची मुदत निघून गेली तर सातबाऱ्यावर पीक लागत नाही आणि पुढं नुकसानभरपाईला अडचण येते. ही नोंद शेतात उभं राहून फोटो काढून करायची असते, पेशंट ती परळमधून करू शकत नाही. त्याला विचारून, त्याच्या घरातल्या कुणाला तरी सोबत घेऊन ते काम उरकून द्या. पीकविम्याची तारीख लक्षात ठेवा. पोरांना शाळेत सोडा.

"काय लागलं तर सांग" असं सगळेच म्हणतात, आणि सांगत कुणीच नाही, कारण मागायला माणूस संकोचतो. त्यापेक्षा "या आठवड्यात रात्रीची लाईट आहे, बुधवारी तुझ्या गव्हाची दारं मी धरतो" असं सरळ सांगावं. बोलतानाही भान ठेवा. आमच्या पाहुण्यात एकाला हेच झालं होतं, तीन महिन्यांत गेला, ही गोष्ट पेशंटच्या खाटेजवळ बसून सांगणारे लोक मी ऐकलेत. त्याऐवजी बाजारभाव सांगा, पावसाचं सांगा, तो दमला की उठा.

पहिल्या महिन्यात दारात चपला मावत नाहीत आणि तिसऱ्या महिन्यात कुणी फिरकत नाही. उपचार मात्र सहा-सहा महिने, कधी वर्षभर चालतात. मित्रमंडळींनी आपसात वार वाटून घेतले, एकानं धार काढायची, एकानं गाडी द्यायची, एकानं फक्त फोन करायचा, तर शेवटच्या डोसापर्यंत निभतं.