वाळू आणि खडक यांच्या सांध्यावर

समुद्र तर सगळीकडे सारखाच दिसतो. मग किनाऱ्यावरून गरवणारा माणूस, म्हणजे गरीने मासे पकडणारा, नेमका एकाच जागी जाऊन का उभा राहतो? मे महिन्याच्या सुटीत वेंगुर्ले तालुक्यातील निवतीला गेलात, तर हा प्रश्न तुम्हालाही पडेल. किल्ल्याच्या डोंगराखाली छोटीशी पुळण, तिच्या अंगाला समुद्रात उतरलेल्या डोंगराच्या सोंडा, आणि सोंडांच्या पायाशी खडप, म्हणजे भरतीत बुडणारा व ओहोटीला उघडा पडणारा खडक. कोकणात अशा पुळणी पुष्कळ आहेत. गरीवाला मधली मोकळी वाळू ओलांडून जातो आणि वाळू संपून जेथे खडक सुरू होतो, त्या सांध्यापाशी थांबतो. हा सांधा आज आपण नीट पाहू या.

आधी वाळू तेथे साठली कशी ते समजून घ्या. लाट उथळ पाण्यात आली की तिचा वेग कमी होतो. पुढे आलेल्या सोंडेपाशी पाणी आधी उथळ होते, म्हणून लाटेचा तेवढा भाग मागे पडतो, बाकीचा पुढे जातो आणि सबंध लाट वाकते. या वाकण्यामुळे लाटांचा जोर सोंडेवर एकवटतो आणि मधल्या आडोशात पसरून सौम्य होतो. सोंडेवर नुसता खडक उरतो, आडोशाला वाळू बसते.

लाटांनी किनाऱ्याकडे लोटलेले पाणी परत तर गेले पाहिजे. ते पुष्कळदा पुळणीच्या कडेने, खडकाला धरून परत जाते. या वाटेवर तळाची वाळू उकरली जाते आणि थोडी खोल चर पडते. लाटांनी उघडे पाडलेले किडे, बारीक कोळंबी, खेकड्यांची पिल्ले या चरीतून वाहत येतात. शेजारच्या खडपावर कालवे, शेवाळ, बार्नॅकल यांची दाटी. प्रत्येक भेगेत काही ना काही लपलेले. एका बाजूला वाहते ताट आणि दुसऱ्या बाजूला लपायला घर! मासा येथे न आला तरच नवल.

पण सगळे मासे एकाच युक्तीने हाती लागत नाहीत. मासा काय खातो आणि कसा खातो, त्यावर त्याला पकडण्याचे साधन ठरते.

बोय घ्या. सिंधुदुर्गात हिला शेवटाही म्हणतात. ती तळावरचा बारीक गाळ, शेवाळ आणि सूक्ष्म वनस्पती खाते. गाळाबरोबर वाळूचे कणही पोटात जातात, आणि कोंबडीच्या पेटीसारख्या तिच्या जाड, स्नायुमय जठरात त्या कणांच्या मदतीने अन्न दळले जाते. अशा माशाला गरीवरच्या कोळंबीचे काय कौतुक? म्हणून बोयीसाठी पाग लागतो. हे गोल जाळे असते, काठाला शिशाचे मणी ओवलेले आणि दोरीचे टोक मनगटाला बांधलेले. ते हवेत छत्रीसारखे उघडले आणि थव्यावर पडले, तर काम झाले.

मुडदुशीचे तोंड निमुळते असते. वाळूतले किडे वेचायला ते सोयीचे. वाळूवरून ओढलेली लहान गरी ती घेते. जाळ्याची चाहूल लागली की मात्र हा मासा चक्क वाळूत घुसून बसतो आणि जाळे वरून निघून जाते! मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर रापण ओढतात, तेव्हाही हे घडू शकते. रापण म्हणजे होडीने अर्धवर्तुळात टाकलेले लांब जाळे. त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावर असतात आणि माणसे दोन्हीकडून ती ओढत आणतात. हे जाळे मोकळ्या वाळूवरच चालते. खडकात अडकले तर फाटलेच म्हणून समजा. म्हणून मधली वाळू रापणीची आणि कडेचा सांधा गरीवाल्याचा, अशी वाटणी आपोआप झाली आहे.

खडकाच्या कपारीत राहतो तो गोब्रा. तो कोणाचा पाठलाग करीत नाही. सावज जवळ आले की भलेमोठे तोंड एकदम उघडतो आणि पाण्यासकट ते आत खेचून घेतो. गरी लागताच तो मागे वळून कपारीत शिरतो व कल्ले फुगवून तेथेच रुतून बसतो. मग ओढा किती ओढायचे ते! तंगूस खडकावर घासून तुटते. गरी लागल्या लागल्या, पहिल्या क्षणातच त्याला वर उचलावे लागते.

गोब्र्याची आणखी एक गोष्ट तुम्हाला विलक्षण वाटेल. त्याच्या बहुतेक जातींमध्ये मासा आधी मादी असतो आणि मोठेपणी त्यांतील काहींचे रूपांतर नरात होते. म्हणजे मोठे गोब्रे वेचून काढले, तर कमी होतात ते मुख्यतः नर. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांसाठी किमान लांबी ठरवून दिली. पापलेटसाठी ती १३५ मिलिमीटर आहे. पिल्लांना वाचवण्यासाठी असा नियम हवाच. पण गोब्र्याचा प्रश्न दुसऱ्या टोकाचा आहे. एखाद्या छोट्या पुळणीच्या कपारींत मोठे गोब्रे असून असून असणार किती? सर्वांत मोठा मासा मिळाला म्हणून छायाचित्र काढून घेणाऱ्यांनी हा हिशेब करून पाहावा.

आता थोडे विषयांतर. गरवताना वडील माणसे मुलांना दटावतात, “गप्प बसा, मासे पळतील!” खरे तर हवेतला आवाज पाण्याच्या पृष्ठभागावरून जवळजवळ सगळाच परत फिरतो. तुमच्या गप्पा माशाला क्वचितच कळतील. खडकावर आपटलेला पाय मात्र त्याला लगेच कळतो, कारण ते कंपन थेट पाण्यात उतरते आणि माशाच्या दोन्ही कुशींवर अशी कंपने टिपणारी एक संवेदनशील रेघ असते. तेव्हा बोला हवे तितके. पाय मात्र अलगद ठेवा.

मासे आणणारी ती चर माणसाच्या दृष्टीने फार वाईट. तेथे पाणी खोल असल्याने लाटा कमी फुटतात आणि जागा शांत दिसते. नवखे लोक नेमके तेथेच पोहायला उतरतात, आणि परतणारे पाणी त्यांना बाहेर ओढून नेते. कोणी असा सापडलाच, तर पाण्याशी झगडून सरळ किनाऱ्याकडे येऊ नये. तरंगत राहावे, हात उंचावून मदत मागावी आणि खडकापासून दूर, मध्यावर जेथे लाटा फुटत आहेत, तिकडे आडवे सरकावे.

दुसरा धोका भरतीचा. चढत्या पाण्याबरोबर मासे खडपावर चरायला येतात, म्हणून गरवायला तीच वेळ चांगली. परंतु भरती एकसारखी चढत नाही. एकूण चढीचे १२ भाग केले, तर सहा तासांत अंदाजे १, २, ३, ३, २, १ असे भाग चढतात. म्हणजे तिसऱ्या आणि चौथ्या तासात मिळून निम्मे पाणी येते. सिंधुदुर्गात उधाणाला पाणी सुमारे २ मीटर चढते असे धरा. तर या दोन तासांत १ मीटर, म्हणजे तुमच्या कमरेपर्यंत! टोकाच्या खडकावर उभ्या असलेल्या माणसाचे लक्ष गरीवर असते, आणि पाठीमागची सखल वाट तेवढ्यात बुडते.

भरती केव्हा येणार हे पंचांगावरून काढता येते. तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. ही वेळ अंदाजाची असते. मुंबईला भरती थोडी उशिरा येते, दक्षिणेकडे थोडी लवकर. उदाहरणार्थ, वद्य तृतीया : ३ × ३/४ = २ १/४, म्हणजे दुपारी २.१५ च्या सुमारास पूर्ण भरती. तिच्यापूर्वी सव्वासहा तास, म्हणजे सकाळी ८ च्या सुमारास, पूर्ण ओहोटी. पौर्णिमा नुकतीच होऊन गेलेली असल्याने ही उधाणाची भरती. ८ वाजता खडप सर्वांत जास्त उघडे असेल. तेव्हा कपारी, कालवे, खेकडे सगळे पाहून घ्या. १० वाजता तिसरा तास सुरू होतो. त्याच्या आत वाळूवर परत या. पुढे गरवायचे असेल, तर पाय वाळूवर ठेवून, सांध्याच्या अलीकडूनच गरी टाका.