नक्कल द्यावी कीं पत्ता द्यावा?

एका कामाला अनेक हात लागले म्हणजे तें लवकर उरकतें, हा व्यवहारांतील सर्वमान्य अनुभव आहे. परंतु त्या सर्व हातांना एकाच वहींत लिहावयाचें असेल, तर वेग वाढण्याऐवजीं हिशेबाचा घोटाळाच वाढण्याचा संभव असतो. संगणकाच्या क्षेत्रांत आज हाच प्रश्न पदोपदीं उभा राहतो. पूर्वीं घरगुती संगणकांत आज्ञा पाळणारा गणक एकच असे. आतां खिशांतल्या फोनांतहि असे अनेक गणक असतात. त्यांस ‘कोर’ म्हणतात.

एकच कृति पुनःपुन्हां करावयास सांगणारा प्रोग्रॅमचा भाग म्हणजे ‘लूप’. दहा हजार उत्तरपत्रिका पाहून उत्तीर्ण किती, हें मोजावयाचें आहे असें समजा. काम चार गणकांत वांटलें, तर प्रत्येकाच्या वांट्यास अडीच हजार पत्रिका येतात. हीच समांतर लूप. आतां प्रश्न असा कीं, उत्तीर्णांच्या संख्येची जी एक नोंद आहे, ती या चौघांच्या हातीं द्यावी कशी?

मुख्य रीति दोन. पहिली नकलेची : प्रत्येकास त्या नोंदीची स्वतंत्र प्रत मिळते. दुसरी पत्त्याची : मूळ नोंद जागच्या जागीं राहते आणि ती कोठें आहे एवढेंच प्रत्येकास कळविलें जातें. या क्षेत्रांतील मंडळी पहिलीस ‘व्हॅल्यू’ व दुसरीस ‘रेफरन्स’ म्हणतात.

नकलेच्या रीतींत कोणी कोणाच्या आड येत नाहीं. परंतु चौघांनीं केलेली मोजणी त्यांच्यापाशींच राहते व मूळ नोंद होती तशीच राहते. मॅटलॅब या प्रणालींतील ‘पारफॉर’ लूपमध्यें याचा प्रत्यय येतो. तेथील ‘हँडल’ जातीचा ऑब्जेक्ट एरवीं पत्त्यानेंच हाताळला जातो. पण तो वेगळ्या प्रक्रियेंत काम करणाऱ्या गणकाकडे धाडला कीं त्याची नक्कल होते, आणि तिकडे झालेले बदल आपोआप परत येत नाहींत. चुकीची सूचना मिळत नाहीं. उत्तर मात्र हातीं लागत नाहीं.

पत्त्याच्या रीतींत धोका निराळा आहे. एक मिळविणें ही दिसावयास एक कृति. वस्तुतः त्या तीन आहेत : जुना आंकडा वाचणें, त्यांत एक मिळविणें व नवा आंकडा लिहिणें. नोंद ४० असतां दोन गणकांनीं ती एकाच क्षणीं वाचली, तर दोघेहि ४१ लिहितात. उत्तीर्ण झाले दोन, नोंद वाढली एकानें! एक विद्यार्थी हिशेबांतून नाहींसा झाला.

असा दोष किती दूरवर पोंचतो, हें १४ ऑगस्ट २००३ रोजीं दिसून आलें. अमेरिकेच्या ओहायो राज्यांतील एका वीज कंपनीच्या नियंत्रण-कक्षांत, दोन प्रक्रियांना एकाच माहितीवर एकाच वेळीं लिहितां आलें. माहिती बिघडली व धोक्याची सूचना देणारी यंत्रणा मुकी झाली. तारा झाडांना लागून बंद पडत होत्या, परंतु कर्मचाऱ्यांना त्याचा पत्ता नव्हता. त्या दिवशीं अमेरिका व कानडा या देशांतील सुमारें पांच कोटी लोक अंधारांत सांपडले. कारणें अनेक होतीं. हें त्यांपैकीं एक.

यावर उपाय कुलुपाचा. कितीहि यंत्रें असलीं तरी एका वेळीं एकासच प्रवेश मिळावा, अशी रीत डच शास्त्रज्ञ एड्स्गर डायक्स्ट्रा यांनीं १९६५ सालीं प्रसिद्ध केली. मात्र कुलूप आलें कीं रांग आली, आणि रांगेंत वेळ जातो. म्हणून मोजणीसाठीं दुसरी युक्ति अधिक सोयीची : प्रत्येकानें आपली बेरीज आपल्यापाशीं ठेवावी व शेवटीं चारहि बेरजा एकत्र कराव्या. १९९७ मध्यें फोर्ट्रान भाषेकरितां निघालेल्या ओपन-एमपी या नियमावलींत हिला ‘रिडक्शन’ असें नांव आहे.

एका फसवणुकीपासून मात्र जपावें. पुष्कळ ऑब्जेक्टांच्या पोटांत माहिती नसून माहितीचा पत्ताच असतो. अशा ऑब्जेक्टाची वरवर नक्कल केली तर पत्ताच दुप्पट होतो. किल्लीची नक्कल केली म्हणून कपाटें दोन होत नाहींत.

तात्पर्य, जें केवळ वाचावयाचें, त्याचा पत्ता द्यावा. जें प्रत्येकाचें टांचण, त्याची नक्कल द्यावी. जें सर्वांचें मिळून फलित, तें शेवटीं एकत्र करावें. आणि जेथें एकाच नोंदींत सर्वांनीं लिहिणें अटळ, तेथेंच कुलूप लावावें. हा निर्णय प्रोग्रॅम लिहितांनाच व्हावयास हवा. कारण हा दोष दर वेळीं प्रकट होत नाहीं. दोन गणकांची गांठ नेमकी त्याच क्षणीं पडली तरच होतो. शंभर वेळां बरोबर आलेलें उत्तर हें त्याच्या निर्दोषपणाचें प्रमाण नव्हे.