दहा दिवसांचे मौन संपल्यानंतर...

अकराव्या दिवशी सकाळी इगतपुरीच्या धम्मगिरीतून साधक बाहेर पडतात. आर्यमौन आदल्याच दिवशी सुटलेले असते, जमा केलेला मोबाइल हाती परत आलेला असतो आणि मन कधी नव्हे इतके निवांत असते. मुंबईकडे येणारी गाडी कसाऱ्याचा घाट उतरते, साचलेले निरोप एकामागून एक येऊन आदळू लागतात आणि कल्याण येईपर्यंत कपाळावरची आठी पूर्ववत झालेली असते. 'तिथे होतो तोवर फार छान वाटत होते,' हे शिबिर करून आलेल्यांच्या तोंडी हमखास ऐकू येणारे वाक्य. मनःशांती ही जणू थंड हवेच्या ठिकाणी मिळणारी वस्तू आहे आणि ती शहरात आणताना वाटेत वितळते, अशी समजूत त्यामागे असते. ज्या परंपरेतून ही शिबिरे आली, तिचा इतिहास मात्र वेगळेच सांगतो.

'सजगता' हा शब्द आता 'माइंडफुलनेस'चा प्रतिशब्द म्हणून मराठीत रुळला आहे. वास्तविक हा प्रवास उलट दिशेने झालेला आहे. पाली भाषेतील 'सति', म्हणजे संस्कृतमधील स्मृती, या संज्ञेसाठी ऱ्हिस डेव्हिड्स या इंग्रज पाली पंडिताने १८८१ मध्ये 'माइंडफुलनेस' हा शब्द योजला आणि पुढे तोच जगभर पसरला. मराठीत याच्या सर्वांत जवळ जाणारा शब्द 'भान' हा होय. ताटात काय वाढले आहे याचे भान नसणे, बोलता बोलता भान सुटणे, मग कोणीतरी भानावर आणणे या रोजच्या बोलण्यातल्या प्रयोगांत या साधनेचा निम्मा आशय आलेला आहे. गोव्यातील घर सोडून निघालेले आणि सिलोन व ब्रह्मदेशात राहून पालीचे अध्ययन केलेले धर्मानंद कोसंबी (१८७६-१९४७) यांनी हा विचार विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच मराठी वाचकांपर्यंत पोहोचविला होता, हेही येथे नमूद करायला हवे.

'सतिपट्ठान सुत्त' हा या साधनेचा मूळ आधार. शरीर, वेदना म्हणजे संवेदना, चित्त आणि चित्तात उमटणारे विषय अशी भान ठेवण्याची चार क्षेत्रे त्यात सांगितली आहेत. श्वासाच्या निरीक्षणाखेरीज चालणे, वळणे, हात-पाय पसरणे व आखडणे, खाणे-पिणे, बोलणे आणि गप्प राहणे, इतकेच काय, मलमूत्रविसर्जन यांचाही तेथे स्पष्ट उल्लेख आहे. डोळे मिटून बसणे हा त्या साधनेचा एक भाग. उरलेला दिवस तिच्या कक्षेबाहेर ठेवलेला नाही.

कचेरीतील आचार्य

याचे सर्वांत बोलके उदाहरण एका सरकारी हिशेबनीसाचे आहे. सयाजी ऊ बा खिन (१८९९-१९७१) हे ब्रह्मदेशातील लेखा खात्यात कारकुनापासून चढत गेलेले गृहस्थ. १९३७ मध्ये सया तेजी या शेतकरी असलेल्या आचार्यांकडून ते विपश्यना शिकले. १९४८ मध्ये देश स्वतंत्र झाल्यावर ते महालेखापाल झाले. महालेखापालाच्या कचेरीतच त्यांनी कर्मचाऱ्यांसाठी विपश्यना मंडळ सुरू केले आणि १९५२ मध्ये रंगून येथे आंतरराष्ट्रीय ध्यान केंद्र स्थापन केले. त्यानंतरही त्यांनी नोकरी सोडली नाही. एकाच वेळी एकाहून अधिक खात्यांचा कारभार सांभाळायचा, फायली हातावेगळ्या करायच्या आणि उरलेल्या वेळात साधकांना शिकवायचे, असा त्यांचा क्रम १९६७ मध्ये निवृत्त होईपर्यंत चालू होता. हिमालयाच्या गुहेत घडलेली ही कथा नाही. फायली, बदल्या, वरिष्ठांचे शेरे आणि हिशेबातील गफलती यांच्या मधोमध ती घडली आहे, आणि म्हणूनच आजच्या नोकरदाराला तिचे महत्त्व अधिक वाटावे.

त्यांच्याकडे १९५५ मध्ये आलेला एक शिष्यही संसारी होता. मंडाले येथे १९२४ मध्ये जन्मलेले सत्यनारायण गोयंका हे व्यापारी घराण्यातील. अर्धशिशीच्या तीव्र दुखण्याने ते त्रस्त होते आणि त्या वेदनेवर मॉर्फिनचे इंजेक्शन घेण्याची पाळी त्यांच्यावर आली होती. साधनेने ते दुखणे तर गेलेच, पण केवळ आजार बरा करण्यासाठी या मार्गावर येऊ नये, अशी अट त्यांच्या गुरूंनी सुरुवातीलाच घातली होती. १९६९ मध्ये गोयंका भारतात आले आणि त्याच वर्षी मुंबईत त्यांचे पहिले शिबिर झाले. धम्मगिरीमध्ये १९७६ पासून शिबिरे भरू लागली. एप्रिल १९९४ मध्ये दिल्लीच्या तिहार कारागृहात हजाराहून अधिक कैद्यांनी एकाच वेळी हे शिबिर केले. २०१३ मध्ये मुंबईत गोयंका यांचे निधन झाले.

शिबिराचा कार्यक्रम अनेकांना ऐकून ठाऊक असतो. पहाटे चारला उठणे, दिवसभरात सुमारे दहा तास ध्यान, पहिले काही दिवस केवळ नैसर्गिक श्वासाकडे लक्ष म्हणजे आनापान, चौथ्या दिवसापासून शरीरभरातील संवेदनांचे निरीक्षण. शुल्क नाही, जुन्या साधकांच्या दानावर खर्च चालतो. इतक्या कडक दिनचर्येतून नेमके काय साधायचे असते, याची चर्चा मात्र कमी होते.

समजा, भर बैठकीत वरिष्ठाने चारचौघांत पाणउतारा केला. शब्द कानावर पडले आणि तोंडून तिखट उत्तर गेले, या दोहोंमध्ये काहीच नव्हते, असे नंतर वाटते. प्रत्यक्षात त्या दोन क्षणांमध्ये बरेच काही घडलेले असते. कानशिले तापतात, श्वास उथळ होतो, जबडा आवळला जातो, छातीत धडधड वाढते. मनाची प्रतिक्रिया बाहेरच्या शब्दांवर नसून या अंतर्गत संवेदनेवर असते, ही विपश्यनेची मूळ मांडणी आहे. नकोशी संवेदना झटकून टाकण्याची आणि हवीहवीशी संवेदना धरून ठेवण्याची सवय इतकी जुनी असते की ती सवय आहे हेच लक्षात येत नाही. दहा दिवस गुडघा दुखत असताना न हलता बसण्याचा सराव याच सवयीवर काम करतो. राग येऊ नये, अशी अपेक्षा नसते. राग आल्याचे दहा मिनिटांऐवजी दहा सेकंदांत ध्यानात आले, तरी पुढचे बरेच टळते. मन विचारशून्य झाले पाहिजे, हा गैरसमजही अनेकांना निष्कारण निराश करतो. मन भरकटणारच, ते भरकटल्याचे कळणे हाच सराव.

बेदाण्याचा धडा

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये याच साधनेला रुग्णालयाच्या चौकटीत बसविले. ते स्वतः रेण्वीय जीवशास्त्राचे पदवीधर. झेन, विपश्यना आणि हठयोग यांतून शिकलेले. त्यांच्या आठ आठवड्यांच्या अभ्यासक्रमात एकच बेदाणा हातात घेऊन पाहायचा, हुंगायचा, जिभेवर ठेवायचा आणि सावकाश चावायचा, असा एक पाठ आहे. हे ऐकून हसू येणे स्वाभाविक आहे. परंतु दूरचित्रवाणीसमोर बसून पूर्ण ताट संपविणाऱ्याला त्या एका बेदाण्याने बरेच काही सांगितलेले असते.

शास्त्रीय पुरावा काय सांगतो? उत्साही प्रचारक सांगतात तेवढे नाही आणि संशयवादी म्हणतात तितके कमीही नाही. हार्वर्डमधील किलिंग्जवर्थ व गिल्बर्ट यांनी २०१० मध्ये २,२५० जणांच्या मोबाइलवर दिवसातून अधूनमधून प्रश्न पाठवून पाहणी केली. तेव्हा सुमारे ४७ टक्के वेळा माणसाचे मन हातातल्या कामाऐवजी दुसरीकडेच असल्याचे आढळले आणि अशा वेळी समाधानही कमी होते. २०१४ मध्ये ४७ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेण्यात आला. ध्यानाने चिंता, नैराश्य आणि वेदना यांत माफक सुधारणा होते, पण व्यायाम वा औषधे यांसारख्या अन्य उपायांहून ते सरस असल्याचा पुरावा नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. २०२२ मध्ये अमेरिकेतील २७६ चिंताविकारग्रस्तांच्या चाचणीत कबात-झिन यांचा अभ्यासक्रम एस्सिटॅलोप्राम या प्रचलित औषधापेक्षा कमी ठरला नाही. त्याच वर्षी ब्रिटनमधील आठ हजारांहून अधिक शाळकरी मुलांच्या अभ्यासात मात्र, वर्गात सक्तीने शिकविलेल्या सजगतेचा नेहमीच्या शिक्षणाहून काही जास्त लाभ दिसला नाही. बहुतेक मुलांनी घरी सरावच केला नव्हता! शाळांतून आनापान घेण्याचा उपक्रम महाराष्ट्रातही राबविण्यात आला आहे; त्याची आखणी करणाऱ्यांनी हा निष्कर्ष नजरेआड करू नये.

एक इशारा येथे आवश्यक ठरतो. दीर्घ मौन आणि तासन्‌तास ध्यान सर्वांनाच मानवते असे नाही. काहींच्या मनात जुन्या आघातांच्या आठवणी उसळून येतात, झोप उडते, घाबरेपणा वाढतो. गंभीर मानसिक आजार असलेल्यांनी मनोविकारतज्ज्ञांच्या सल्ल्याविना अशा शिबिरात जाऊ नये आणि चालू असलेली औषधे कदापि परस्पर बंद करू नयेत. शिबिराच्या अर्जात मानसिक आजाराविषयी विचारलेले असते. प्रवेश मिळावा म्हणून ती माहिती दडविणे धोक्याचे आहे.

शिबिरानंतर सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास बसावे, अशी गोयंका यांची शिफारस असे. विरार किंवा बदलापूरहून रोज दीड तास प्रवास करणाऱ्याला, आणि त्याहूनही डबे भरून, मुलांना शाळेत धाडून स्वतः नोकरीवर निघणाऱ्या गृहिणीला ती किती झेपेल, हा प्रश्न रास्त आहे. तेथेच सुत्तातील खाण्या-चालण्याची ती यादी कामी येते. २०२२ मध्ये दिवंगत झालेले व्हिएतनामी झेन गुरू थिच न्हात हान्ह यांनी भांडी घासण्यासारख्या कामालाच साधनेचा दर्जा दिला होता. फ्रान्समधील त्यांच्या प्लम व्हिलेज आश्रमात दूरध्वनीची घंटा वाजली की सर्व जण हातातले काम थांबवून श्वासाकडे लक्ष देतात आणि मगच फोन उचलला जातो. घंटा कामात व्यत्यय आणते, पण तेथे तिलाच स्मरणाची खूण केलेले आहे.

शहरी जीवनात अशा खुणांना तोटा नाही. सिग्नलचा लाल दिवा, लिफ्टची वाट पाहणे, संगणक सुरू होण्यास लागणारा वेळ, जेवणाचे पहिले चार घास. अशा वेळी तळपाय जमिनीला टेकल्याची जाणीव, खांदे वर ओढले गेले आहेत का याची दखल आणि तीन-चार श्वास, एवढे पुरते. गाडीत आसन मिळाले तर दोन स्थानके श्वासाकडे पाहता येते. दारात लटकणाऱ्याने मात्र आपले सारे भान हातातल्या दांड्यावरच ठेवलेले बरे. आणि शिबिराहून परतणाऱ्याने मोबाइल घाटातच सुरू न करता घरी पोहोचून चहा झाल्यावर सुरू केला, तर साचलेल्या निरोपांपैकी बहुतेकांना एव्हाना उत्तराची गरजही उरलेली नसते.